यजमानांची मासिकं आणि अर्धी गोळी

पत्र

माझे यजमान ६३ वर्षांचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि पाठोपाठ रक्तात साखर निघाली. ब्लड प्रेशरची गोळी त्याआधीपासूनच चालू होती. तेव्हापासून त्यांना योग आणि आरोग्यावरची मासिकं घ्यायचा नाद लागलाय. तीन मासिकं टपालानं घरी येतात, शिवाय म्हापशाला गेले की बसस्टँडवरून आणखी एखादं. आज जे वाचतील ते उद्या सकाळी घरात सुरू. एक महिना भात बंद, पुढच्या महिन्यात फक्त उकड्या तांदळाची पेज, मग चिया, मग पहाटे उठून दुधीचा रस. मध्ये सगळ्या घराची मासळी बंद केली. माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या, त्यांनी जेवणच टाकलं. आता मासिकातला फोटो समोर ठेवून भिंतीला टेकून शीर्षासन चाललंय. आणि परवा कपाट आवरताना दिसलं की ते साखरेची गोळी अर्धी करून घेतात. विचारलं तर म्हणाले, "तीन महिने नियमित योग केला की औषधं सुटतात, लेखात दिलंय. तू वाचत नाहीस म्हणून तुला ठाऊक नाही." मासिकं बंद करून टाकू का? रद्दीत घातली तर घरात महाभारत होईल. माझेही गुडघे दुखतात, मलाही थोडी आसनं करावीशी वाटायची, पण आता त्या विषयाचाच वीट आलाय.

ता. क. वर्गणीबरोबर भेट म्हणून एक चूर्ण आलंय. ते सासूबाईंना दुधातून दे म्हणतात. देऊ का?

– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

मासिकांचं मागाहून बघू, आधी ती अर्धी गोळी. पट्टी हातात घ्या आणि औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरं आहेत का ते वाचा. असली, तर ती गोळी पोटात हळूहळू, तासन्‌तास विरघळत राहावी अशी केलेली असते. ती मोडली की औषध एकदम उतरण्याची आणि पुढचे तास कोरडे जाण्याची शक्यता असते. म्हणजे यजमान समजताहेत औषध निम्मं झालं, आणि प्रत्यक्षात काय झालंय ते त्यांना ठाऊक नाही, तुम्हाला नाही, डॉक्टरांना तर नाहीच नाही.

अक्षरं नसली तरी गोष्ट साधी होत नाही. डॉक्टरांच्या नकळत डोस उतरवला की पुढच्या तपासणीत साखर चढलेली दिसते. डॉक्टर म्हणणार, पूर्ण गोळी पुरत नाहीसं दिसतं, आणि आणखी एक वाढवून देणार. मग एखाद्या दिवशी तुमचे यजमान शहाण्यासारखे सगळ्या गोळ्या घेतील, वर कारल्याचा रस, वर एकादशी, आणि साखर धाडकन खाली. दरदरून घाम, हाताला कंप, बोलण्यात घोटाळा असं काही दिसलं तर ताबडतोब साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, दोघंही जा. गोळ्यांची पट्टी न्या आणि तो लेखही न्या. कात्रण यजमानांनीच डॉक्टरांपुढे ठेवायचं आणि विचारायचं, "हे मला लागू आहे का?" तुम्ही तक्रार घेऊन गेलात तर ते चोरासारखे बसतील आणि घरी येऊन तुमच्यावर चिडतील. प्रश्न त्यांचा असला की मान राहतो. अर्धी गोळी किती दिवस चालली आहे हेही त्यांच्याच तोंडून येऊ द्या. न आलं तर तुम्ही सांगा, तिथे भीड नको.

लेखातले ते 'तीन महिने' कुठून आले असतील याचा मला अंदाज आहे. एचबीए१सी नावाची जी तपासणी असते, ती मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते. म्हणून कुठलाही बदल केला, आहाराचा असो, व्यायामाचा असो, की तो कितपत लागू पडला ते तेवढ्या काळानं तपासतात. 'तीन महिन्यांनी तपासा' याचं 'तीन महिन्यांनी सोडा' व्हायला एक उत्साही लेखक आणि एक घाईतला संपादक पुरतो. योगाचा उपयोग होत नाही असं मी म्हणत नाहीये. औषधांना जोड म्हणून नियमित योग केला तर साखर काही अंशी खाली येते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आकडे उतरले तर डॉक्टर आपणहून डोस कमी करतात. यजमानांना हवं ते मिळू शकतं, फक्त ते रिपोर्ट हातात घेऊन मिळवायचं असतं.

शीर्षासन आज बंद. यात मतभेदाला जागा नाही. ब्लड प्रेशर असलेल्यानं ते करू नये हे कुठलाही जाणता योगशिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो. शिवाय डोकं खाली गेलं की डोळ्याच्या आतला दाब जवळपास दुप्पट होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. काचबिंदू असलेल्याला ते घातक, आणि मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरच्या नाजूक रक्तवाहिन्या बिघडलेल्या असू शकतात. पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. त्यांची शेवटची कधी झाली? साठी उलटलेल्या माणसाची मान हा आणखी वेगळाच विषय. कपालभातीही जोरजोरात चालली असेल तर तीही डॉक्टरांना आणि शिक्षकाला विचारल्याशिवाय नको. "फोटोतल्या माणसाला जमतं" असं ते म्हणतील. फोटोत आसनाचा शेवट दिसतो. तो माणूस तिथवर किती वर्षांनी पोचला, वर जाताना हात कुठे होते, खाली कसा आला, यातलं काही फोटोत येत नाही.

आता मासिकं.

मासिकाची अडचण ही की ते दर महिन्याला निघतं. संपादकाला बाराही वेळा मुखपृष्ठावर नवीन काहीतरी लागतं. जानेवारीत संकल्प, जूनमध्ये २१ तारखेचा योगदिन, श्रावणात उपास, चवथीच्या तोंडावर मोदक पचवायचे उपाय, दिवाळी झाली की डिटॉक्स. "गेल्या अंकात सांगितलं तेच चालू ठेवा" असं छापून कोण अंक खपवणार? आणि अभ्यासाला तर नेमकं तेच लागतं. तीच आठ-दहा आसनं, तोच श्वास, तीच वेळ, वर्ष उलटलं तरी त्यात बदल नाही, मग कुठे शरीर बोलायला लागतं. तुमचे यजमान वाचक म्हणून चांगले आहेत, मन लावून वाचतात. पण दर अंकातला प्रत्येक लेख ते आपल्याच नावाची चिठ्ठी समजून घरी राबवतात, आणि राबवायची पाळी तुमच्यावर येते. हे सदरही छापून येणाऱ्या मजकुराचाच भाग आहे, तेव्हा मी माझ्याच जमातीबद्दल बोलतेय.

या विषयावरची नियतकालिकं सुरुवातीला अशी नव्हती, हे त्यांना सांगा. सरकारी नोकरीतल्या माणसाला कागदोपत्री पुरावा आवडतो. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगाचा अभ्यास करणारी संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. त्यात नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करताना पोटातला दाब किती उतरतो याची मापं असत, क्ष-किरणांची चित्रं असत. प्रयोगात काय दिसलं ते आधी, काय करावं ते मग. कॅलिफोर्नियातलं 'योगा जर्नल' १९७५ मध्ये निघालं ते तिथल्या योगशिक्षकांच्या संघटनेनं, शिक्षकांनी शिक्षकांसाठी. पुढे ही सगळी जात गुळगुळीत कागदावर गेली, आणि कागद जसा चकाकायला लागला तशी पानावरची माणसं तरुण आणि सडपातळ होत गेली. आपल्याकडे हिवाळ्यात मांद्रे-हरमलच्या वाळूवर चटया पसरून जी मंडळी बसतात, त्यांतली कित्येक तसल्याच चित्रांना भुलून आलेली असतात. त्यांचं ठीक आहे. ती पंचविशीची, बरोबर शिक्षक असतो, आणि महिन्याभरानं ती आपल्या घरी जातात. तुमच्या हॉलमध्ये भिंतीपाशी कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे.

तरी यजमानांच्या भीतीला हसू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळानं देशभर जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात प्रौढांमधल्या मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त निघालं, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे चार मोठी माणसं गप्पा मारत बसली तर त्यांतला एक. नोकरी संपली, हातात फाइल नाही, सही मागायला कोणी येत नाही, आणि त्यातच आपल्या शरीराचा ताबा सुटल्यासारखा वाटतो. मग छापील पानावर कोणीतरी ठामपणे "हे करा" म्हणतं, त्याचा आधार वाटणारच. कधीतरी त्यांना एवढंच विचारून बघा की तुम्हाला नेमकं कशाचं भय वाटतं. उत्तर साखरेबद्दलचंच येईल असं नाही.

मासिक चांगलं की वाईट हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. पलंगाखालून एक अंक काढा, लाल पेन घ्या, दोघं शेजारी बसा. प्रत्येक आसनाच्या लेखात 'कोणी करू नये' ही ओळ आहे का ते शोधा. नसेल तर त्या लेखावर फुली. मग लेख आणि त्याच्या समोरचं पान एकत्र पाहा. डावीकडे जांभळाच्या बियांचं माहात्म्य आणि उजवीकडे जांभळाच्या पावडरीची जाहिरात असेल, तर तो लेख कोणी लिहवला ते उघड आहे. "मधुमेह मुळासकट बरा" असल्या जाहिरातीला तर कायद्यानंच बंदी आहे. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा १९५४ चा आहे, आणि ज्या आजारांवरच्या उपायाची अशी जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, काचबिंदू ही नावं आहेत. जे मासिक असल्या जाहिराती छापतं त्याची वर्गणी संपली की संपली. लेखकाच्या नावाखाली नुसतं 'आरोग्यतज्ज्ञ' लिहिलंय की तो कुठे शिकला, काय काम करतो हेही दिलंय, तेही बघून ठेवा. तीनपैकी एक तरी अंक या चाळणीतून उरेल. तो घरी येऊ द्या. बाकीची यजमानांनी फोंड्याच्या तालुका वाचनालयात जाऊन वाचावीत. पणजीला काम निघालं तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात अर्धा दिवस बसावं. १८३२ पासून चालत आलेली ती संस्था आहे, जागा ऐसपैस आहे, आणि तिथे वाचलेलं कोणी लगेच शिजवायला सांगत नाही. रद्दी तुम्ही घालू नका. फुल्या मारलेले अंक ते स्वतःच बाहेर काढतील, थोडा वेळ लागेल.

आणि घरात एक नियम करा. अंकात नवा उपाय दिसला तर पुढचा अंक येईपर्यंत तो करायचा नाही. त्या महिन्यात तो डॉक्टरांना किंवा शिक्षकाला विचारायचा. बहुतेक वेळा पुढच्या अंकात त्याच्या उलट काहीतरी आलेलं असेल, आणि तुमचे तेवढे वाद वाचतील.

खाण्याबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण यातच घर होरपळतंय. ही मासिकं मुंबईत, दिल्लीत, कुठे कुठे तयार होतात. त्यांना तुमचं ताट ठाऊक नसतं. 'भात बंद' हे पोळीवर वाढलेल्या माणसाला सांगणं सोपं. गोव्यात भात बंद म्हणजे हुमण, आपली माशांची आमटी, कशाशी खायचं हा प्रश्न. भात बंद करायची गरज सहसा नसते. ढीग कमी करायचा असतो. आधी भाजी आणि तोणाक, म्हणजे कडधान्याची उसळ, वाढा, मासळी वाढा, मग वाटीनं मोजून भात. उकडा तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा थोडा बरा, पण त्याची पेज करून वाडगाभर प्यायली तर साखर लवकर चढते, कारण ती मऊ शिजलेली असते. नाचण्याच्या सत्त्वाचंही तसंच. नाचणे चांगलेच, पण पीठ वस्त्रगाळ करून, पातळ शिजवून, वर गूळ घातला तर कशाचं पथ्य? भाकरी करा.

मासळी कशाला बंद? बांगडे, तारले यांतली चरबी हृदयाला चांगली. रव्यात घोळून तेलात तळता तो भाग कमी करा. आणि ज्याबद्दल त्यांच्या मासिकात एक अक्षरही आलं नसेल ते मी सांगते: पावसाळ्यातले सुके खारे बांगडे, सुक्या मासळीची किसमूर, पापड, मिठातली मिरची, तोरांचं लोणचं. ब्लड प्रेशरच्या माणसाला पथ्य हवं ते इथे, आणि याच्यावर चिया पेरून काही होत नाही. संध्याकाळच्या पेगबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणून मीही विचारत नाही. डॉक्टर विचारतील.

दुधीच्या रसाबद्दल एक सूचना, ही विसरू नका. दुधी कधी कधी कडू निघतो, आणि तो कडवटपणा विषारी असतो. असा रस पिऊन माणसं दगावली आहेत, आणि कडू दुधीचा रस पिऊ नये असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनंही सांगितलंय. "औषध कडूच असतं" म्हणून नाक दाबून पिणारी पिढी आपली. एक घोट कडू लागला की सगळा ओतून द्यायचा. त्यापेक्षा दुधीची भाजी करा, आणि त्याआधी फोड चाखून बघा.

सासूबाईंना यातून पूर्णपणे सोडा. ८६ व्या वर्षी जेवण सुटणं ही साखरेपेक्षा मोठी काळजी. त्यांना हवं ते, झेपेल तेवढं, मासळीसकट. मुलाचं पथ्य आईनं पाळायचं हा कुठला न्याय? आणि यापुढे यजमानांना जो नवा पदार्थ हवा असेल तो त्यांनी स्वतः करायचा, भांडी घासण्यासकट. ही शिक्षा म्हणून सांगत नाहीये. पहाटे दुधी किसायला स्वतः उठावं लागलं की कुठला उपाय खरोखर महत्त्वाचा वाटतो ते माणसाला आपोआप कळतं.

तुमच्या गुडघ्यांचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत, बायका लिहितात तसं. सूज असेल, रात्री ठणका लागत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नसेल तर आसनं जरूर सुरू करा, पण यजमानांच्या मासिकातून नको आणि यजमानांच्या देखरेखीखाली तर मुळीच नको. वज्रासन, पद्मासन, उकिडवं बसणं हे तूर्त बाजूला. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करणं, भिंतीला धरून उभं राहणं, शवासन, साधा दीर्घ श्वास यांपासून जाणता शिक्षक सुरुवात करून देईल. जवळच्या आयुष आरोग्य केंद्रात योगशिक्षक येतात का याची चौकशी करा. पेडण्याच्या बाजूला कोणी नातेवाईक असतील तर धारगळचं आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय २०२२ पासून आहे, तिथेही विचारता येईल. देवळाच्या सभागृहात बायकांचा वर्ग चालत असेल तर सगळ्यांत उत्तम. आसनं होतात आणि तासभर घराबाहेर बसणंही होतं. यजमानांनाही वर्गाला पाठवा, मात्र वेगळ्या वेळी. शेजारी बसून ते तुमचा गुडघा सुधारायला लागतील.

चूर्णाचं: पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक, बॅच, मुदत आणि परवाना क्रमांक हे सगळं आहे का बघा. खाद्यपदार्थ म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक लागतो, आयुर्वेदिक औषध असेल तर औषध बनवण्याचा परवाना. यातलं काही नसेल तर सरळ कचऱ्यात. असल्या बेनामी चुर्णांत स्टेरॉइड आणि जड धातू सापडलेले आहेत. सगळं असलं तरी सासूबाईंच्या वयात मूत्रपिंडं थकलेली असतात, त्यांच्या डॉक्टरांना पाकीट दाखवल्याशिवाय चमचाभरही नको. तोवर दूध नुसतंच द्या.